खाडा

खिडकीतला पोरगा म्हणाला, नुसतं तिकीट सहाशे,
जेवणासकट साडेनऊशे.
नाश्ता, दुपारची थाळी, चारला चहा-भजी, रात्रीचं जेवण.
सुटं घेतलं तर पाचशेच्या वर जातं, मॅडम.
आणि बाहेरचं आत चालत नाही.

ते आधीच कळलं होतं.
गेटवरच्या मामांनी आक्कांच्या पिशवीतला
चुरमुऱ्याचा चिवडा आणि दशम्या काढून घेतल्या,
सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला दिला,
देवळाबाहेर चपलांना देतात तसा.

मागं रांग. पुढं, तासगाव रस्त्याला,
द्राक्षाच्या बागा संपतात तिथं
निळ्या घसरगुंड्या, आणि भोंग्यावर लाटांचा आवाज.
सांगलीला समुद्र नाही, म्हणून कुणीतरी बांधला.

मी हिशेब करायला लागले.
मला हा हिशेब येतो. उलट्या बाजूनं येतो.
विश्रामबागेत माझी मेस आहे, अकरा वर्षं.
महिन्याचं कार्ड, साठ चौकोन, पैसे आगाऊ.
खाडा धरायचा तर आदल्या रात्री सांगायचं,
असं भिंतीवर लिहिलंय, मोठ्या अक्षरात,
तरी कुणी सांगत नाही.
शनिवारी जतची पोरं जतला जातात, आटपाडीची आटपाडीला,
परीक्षा संपली की एखादा सिनेमाला, एखादा प्रेमात,
एखादा नुसताच झोपलेला.
साठातली पन्नास पानं उठतात.
उरलेल्या दहांवर गॅस येतो,
सम्यकची फी जाते.
पोरांना वाढते त्यात फारसं सुटत नाही.
न वाढलेल्यात सुटतं.
हे मी भरतेशलासुद्धा कधी उघड बोललेले नाही.

म्हणजे या साडेतीनशेत
यांनी किती पानं न उठणारी धरलीत, तेवढंच बघायचं.
आक्का सूर्य बुडाला की पाणीसुद्धा घेत नाहीत,
रात्रीचं जेवण साडेसातला. गेलं.
पोह्यात कांदा. गेले. भजी कांद्याचीच.
सम्यक पाण्यातून बाहेर आला तर खाईल,
म्हणजे खाणार नाही.
भरतेश म्हणाला, तोटाच आहे की, सुटं खाऊ.
बरोबर होतं त्याचं.
मी चारही जेवणाची घेतली.

का, ते गाडीत सांगते म्हटलं.
खरं तर अकरा वर्षांत
मला कुणी कार्ड दिलं नव्हतं.

दुपारी थाळीवर एका पोरानं विचारलं,
मावशी, अजून आमटी?
मला उत्तर सुचेना. ते वाक्य माझं.

सव्वासहाला ऊन घसरगुंडीच्या टोकावर आलं.
आक्का बाकावर, हातात कार्ड, चारांत एकच भोक.
मी सरळ भटारखान्यात शिरले.
कणकेच्या डोंगराशी एक बाई, कपाळाला पीठ.
किती पानं सांगितलीत?
चारशे.
तीनशे दहा उठतील, मी म्हणाले,
शनिवार आहे, पोरं दमून गाडीत झोपतात.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.
आम्ही तीनशेचीच मळतो, म्हणाली, आणि हसली.

तव्यावरची एक चपाती उचलली, मग दुसरी,
वर गुळाचा खडा.
कार्ड पुढं केलं तर म्हणाली, राहू दे,
भोक पाडायचं यंत्र बाहेर असतंय.

आक्कांनी सूर्याकडं तोंड करून खाल्ल्या,
बेताबेतानं, जणू तो थांबणारच आहे,
आणि पाण्याचा शेवटचा घोट
त्याच्या आधी संपवला.

माधवनगर आलं तेव्हा भरतेशनं विचारलं,
मग, परवडलं का?
सम्यक मागं आडवा, त्याचे दोन चौकोन कोरे.
चिवडा, दशम्या तिकडंच राहिल्या,
सत्तेचाळीस नंबर माझ्या पर्समध्ये.
मी म्हटलं, आपल्या भिंतीवरचं ते खाड्याचं
जरा बारीक अक्षरात लिहू या.